सहा जणींचं छप्पर

सातवीला प्राचीन ग्रीसचा धडा होता. अथेन्समध्ये टेकडीवर एक जुनं मंदिर आहे. त्याच्या ओसरीला खांबांऐवजी सहा दगडी मुली आहेत. छप्पर त्यांच्या डोक्यावर. चित्र दाखवलं तर वर्गाला जांभया यायला लागल्या. म्हणून मी ठरवलं, सहा मुलींनाच तसं उभं करायचं. त्यातली एक माझी लेक. शाळेत ती मला बाईच म्हणायची. आई फक्त घरी.

हस्तकलेच्या सरांनी थर्माकोलचं छप्पर करून दिलं. "इतिहास डोक्यात शिरत नाही यांच्या," ते म्हणाले, "निदान डोक्यावर तरी बसू दे."

दुपारी सभागृहात तालीम घेतली. हात खाली, मान ताठ, नजर समोर. दोन मिनिटं झाल्यावर मी म्हणाले, "छान. बसा आता."

कुणी हललं नाही.

"अगं, बसा की!"

"बाई, जड आहे," टोकाची मुलगी ओठ न हलवता म्हणाली.

मला वाटलं, थट्टा चाललीय. सरांनी आणि मी छप्पर दोन-दोन बोटांनी उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मुली तशाच उभ्या. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, हनुवटीवरून घाम ठिबकतोय.

"काढलं ना गं छप्पर?"

"ते नाही, बाई."

सर हसत पुढे झाले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. हात मध्येच अडला. त्यांनी तो झटकन मागे घेतला. बोटांची सालं निघाली होती, खडबडीत दगडावर घासल्यासारखी.

"एक जरी हलली तरी सगळ्यांवर पडेल," दुसरी कुजबुजली.

माझ्या लेकीचे गुडघे लटपटायला लागले.

"आई," ती म्हणाली. शाळेत पहिल्यांदाच.

मी वाकून तिच्या डोक्याला डोकं भिडवलं आणि हळूहळू सरळ होत गेले.

"निघ."

ती निसटली, आणि ते माझ्यावर आलं.

दातांवर दात रुतले. दगडावर दगड सरकल्याचा आवाज कानांत नाही, मणक्यात ऐकू आला.

"पळा गं सगळ्या!"

एकेक करत पाचही जणी सुटल्या. दर वेळी मान आणखी खाली दबायची. सर दारातून त्यांना बाहेर ओढून घेत होते.

शेवटची गेली. मी डोळे मिटून पाऊल टाकलं.

काही पडलं नाही.

धूळसुद्धा उडाली नाही.

मुख्याध्यापकांना आम्ही सांगितलं, उकाड्यानं मुलींना भोवळ आली. दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी लेकीबरोबर घरी निघाले. एरवी ती मला खेटून चालते. आज सगळा रस्ता माझ्यापासून चार पावलं लांबून चालली. कुलूप काढून ती आत गेली. मी उंबऱ्याशी आले आणि आपोआप वाकले. दार माझ्यापेक्षा चांगलं हातभर उंच आहे.

"थांब, आई."

तिनं कडी काढून दाराची दुसरी फळीही उघडली. कपाटाएवढं सामान आत घ्यायचं असलं, तरच आम्ही ती उघडतो.