सहाव्या पिढीतला भाऊ

सकाळी साडेसातला रौझा बेकेनोवाच्या दारावर धडाधड थापा पडल्या. दारात समोरच्या फ्लॅटमधली तोर्गिन उभी होती.

"आपाय, लवकर चला. आजोबा लॅपटॉप खिडकीतून फेकायला निघालेत. माझं ऐकत नाहीत."

सगळे जिला आपाय, म्हणजे ताई, म्हणायचे त्या रौझाने कझाकस्तानातल्या सेमेय शहराच्या गुन्हे शाखेत एकतीस वर्षं तपास केला होता. निवृत्त झाली तेव्हा गुडघे गेलेले होते, जीभ मात्र शाबूत होती. ती घरातल्या झग्यावरच समोर गेली.

झेयनोल्ला स्वयंपाकघराच्या खिडकीशी झटत होते. वय एक्क्याऐंशी, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. थंडीसाठी चिकटपट्टी लावून बंद केलेली खिडकी त्यांना उघडत नव्हती. रौझाने त्यांच्या काखेतला लॅपटॉप काढून घेतला आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

"माझं डोकं गेलंय, रौझा," ते म्हणाले. "सोमवारी मुलगा येतोय, डोक्याच्या दवाखान्यात न्यायला. नेऊ दे."

काय झालं ते अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.

आमच्या कझाकांत सात पिढ्यांच्या आत रक्त जुळलं तर लग्न होत नाही. त्यावर वकील नाही, अपील नाही. झेयनोल्लांनी अकरा वर्षं खपून निम्म्या जिल्ह्याच्या वंशावळी गोळा केल्या होत्या. वह्या दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचा नळ फुटून भिजल्या. उरलं ते या लॅपटॉपमध्ये.

तोर्गिन त्यांची नात. आईबाप नसलेली, त्यांनीच वाढवलेली. मदियारशी तिचं लग्न ठरलं होतं. शरद ऋतूत मदियारच्या आईने, कुल्पाशने, स्वतःच्या हाताने तिच्या कानात वाङ्निश्चयाचे डूल घातले होते. मदियारच्या घरच्यांना फक्त चार पिढ्या ठाऊक होत्या, कारण त्याचा पणजोबा दुष्काळात अनाथाश्रमात आलेलं पोर. त्याआधीच्या तीन पिढ्या झेयनोल्लांनीच गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून शोधल्या. ते म्हातारे आता जमिनीखाली आहेत. रक्त कुठेही जुळत नव्हतं, म्हणून तर त्यांनी होकार दिला होता.

मग गेल्या रविवारी दोन्ही घरं तारीख ठरवायला बसली. रीतीप्रमाणे झेयनोल्ला पूर्वजांची नावं पडद्यावरून वाचू लागले आणि सहाव्या पिढीवर त्यांचा आवाज अडकला. मदियारचा सहावा पूर्वज आणि तोर्गिनचा सहावा पूर्वज एकाच बापाची मुलं, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हे मी लिहिलेलं नाही," म्हातारा म्हणाला. आठवण खोटं बोलते, लिहिलेलं बोलत नाही, असं हाच माणूस चाळीस वर्षं पोरांना बजावत आला होता. आता लिहिलेलं समोर होतं. शेवटी मदियारनेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आजोबांना कोणी बोलू नका, वय झालंय. किती गुणाचा मुलगा, असं सगळे म्हणाले.

"या यंत्राला तुमच्याशिवाय कोणी हात लावला?" रौझाने विचारलं.

तोर्गिनने सांगितलं, की लॅपटॉप जुना, चालू होईपर्यंत चहा गार व्हायचा. म्हणून जानेवारीत मदियारने तो दोन दिवस नेला आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवून आणला. स्वतःच्या खर्चाने.

रौझाने झाकण उघडलं. पडदा क्षणात उजळला. त्यावर बुद्धिबळाचा अर्धवट डाव होता, एकतिसावी चाल.

"हा डाव कधीचा?"

"डिसेंबरातला," झेयनोल्ला म्हणाले. "माझा घोडा अडकलाय. डोकं चालत असतं तर सोडवला असता."

लॅपटॉपच्या पोटाला बाजारातल्या एका टपरीचं हमीचं लेबल चिकटवलेलं होतं. रौझाने ते वाचलं आणि निघाली. तोर्गिन दारापर्यंत आली. आठवड्यात तिच्या गालांची हाडं वर आली होती.

"आपाय, आजोबा बरोबर होते, एवढंच सिद्ध करून द्या. मग आमचं लग्न होईल."

पहिला संशय कुल्पाशवर जाणं साहजिक होतं. सून तिला पसंत नव्हती, हे ती स्वतःच सांगत फिरायची. रौझा गेली तेव्हा ती बाउरसाक, म्हणजे कणकेचे फुगीर गोळे, तळत होती.

"मुलगी तुम्हाला नकोच होती ना?" रौझाने विचारलं.

"नको होती. हडकुळी आहे आणि उलट बोलते. पण डूल मी घातले होते, आपाय. घातलेले डूल परत घेणं म्हणजे आपलंच नाक कापून घेणं. आयुष्यभर कुणाच्या दारात उभं राहता आलं नसतं."

"आणि आता?"

"आता कुणाचा दोष? रक्ताचीच निघाली. लोक उलट आमचीच कीव करतात."

कॉम्प्युटर तिला चालूसुद्धा करता येत नव्हता, आणि खोटं बोलण्याइतकी ती हुशार नव्हती. रौझाने दुसरा बाउरसाक उचलला. तेवढ्यात मदियार कामावरून आला. सिमेंटच्या कारखान्यात तो विजेचं काम बघायचा. त्याने रौझाचा कोट हातात घेऊन नीट खुंटीला टांगला.

"डिस्क तूच बदललीस?"

"हो, आपाय."

"जुनीचं काय झालं?"

"मेली. टकटक वाजत होती, माझ्या हातातच गेली. कचऱ्यात टाकली."

"मग वंशावळ कुठून आली?"

"जाता जाता तेवढी एकच फाइल निघाली. बाकी सगळं गेलं. नवी डिस्क कोरी असते, तिच्यावर सगळं पहिल्यापासून भरावं लागलं."

"म्हणजे जुन्यातलं दुसरं काहीच उरलं नाही?"

"काहीच नाही. आजोबांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं."

रौझाने त्याची पाठ थोपटली आणि कोट मागितला.

लेबलावरची टपरी ओगाय नावाच्या कोरियन माणसाची होती. काचेवर पाटी होती: जुनी चालू डिस्क द्या, नवीवर सूट घ्या. रौझाने दोनच प्रश्न विचारले. ओगायने टेबलाखालून बुटांचं खोकं ओढलं आणि त्यात हात घातला.

रविवारी रौझाने दोन्ही घरांना झेयनोल्लांच्या बैठकीत बसवलं. चहा ओतू दिला नाही.

"आजोबांचं डोकं ठिकाणावर आहे," ती म्हणाली. "सहावी पिढी नंतर बदलली गेली. बदलणारा या खोलीत आहे."

कुल्पाशने सगळ्यांकडे पाहिलं. मदियारने कुणाकडेच पाहिलं नाही.

"मदियार म्हणतो, डिस्क मेली, एक फाइल सोडून सगळं गेलं, नव्या डिस्कवर सगळं पहिल्यापासून भरलं. मग डिसेंबरातला बुद्धिबळाचा डाव नव्या डिस्कवर कसा? तोही एकतिसाव्या चालीवर? मला या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून ओगायला विचारलं. त्याने सांगितलं, असं होतं ते एकाच कारणाने. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवली की. आणि नक्कल उतरवायला जुनी डिस्क धडधाकट लागते."

"शेवटी चालली असेल थोडी," मदियार म्हणाला.

"चांगली चालली. तू ती ओगायला देऊन सूट घेतलीस. मेलेली डिस्क तो घेत नाही. पुसून टाक म्हणालास, तो उद्या पुसतो म्हणाला. त्याचा उद्या अजून उजाडलेला नाही."

तिने पिशवीतून डिस्क काढून मेजावर ठेवली. ओगायने त्यातली वंशावळ कागदावर छापून दिली होती. मदियारच्या सहाव्या पूर्वजाचा बाप तिथे वेगळा होता, वेगळ्या टोळीचा, पार उलिताऊकडचा. फाइल ऑक्टोबरात शेवटची लिहिलेली. नव्या डिस्कवरची मात्र जानेवारीतली, लॅपटॉप मदियारच्या घरी होता त्या दोन दिवसांतली.

"पण कशासाठी?" कुल्पाशने विचारलं. "त्यालाच तर लग्न करायचं होतं."

"नव्हतं करायचं. ते तुमच्याच तोंडून कळलं मला. डूल घातल्यावर मोडलं तर नाक कापलं जातं, पण पूर्वज आड आले तर कुणाचाच दोष नाही, उलट कीव. साप मरावा आणि काठीही मोडू नये. काठी मोडली नाही. म्हाताऱ्याचं डोकं मोडायची वेळ आली, तर हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वय झालंय."

मदियार रडला नाही. चिडलाही नाही. "मला तिला दुखवायचं नव्हतं," एवढंच म्हणाला.

कुल्पाशला घाम फुटला. ती म्हणाली, "मग आता अडचण तरी काय उरली? रक्त जुळत नाही. तारीख ठरवून टाकू."

सगळ्यांनी मदियारकडे पाहिलं. तोर्गिननेही पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत अजून आशा होती. रौझाला ती दिसली आणि आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी कळलं.

"नाही," मदियार म्हणाला.

"दुसरी कोणी आहे?" तोर्गिनने विचारलं.

"कोणी नाही. असती तर तुला बरं वाटलं असतं. शरदात तू मला आवडत होतीस. नंतर आवडेनाशी झालीस. कारण काही नाही."

"मला सांगायचं होतंस."

"सांगावं लागू नये म्हणूनच तर हे सगळं केलं."

आई आणि मुलगा निघून गेले. झेयनोल्लांनी छापलेला कागद हातात घेतला, मग बाजूला ठेवला आणि न बघता नावं म्हणायला लागले. एकामागून एक, सातही पिढ्या, वर्गात नद्यांची नावं म्हणवून घ्यायचे तशा खणखणीत आवाजात. एकही चुकली नाही. त्यांच्या गालांवर रंग आला होता. मग त्यांनी मुलाला फोन लावून सांगितलं, सोमवारी यायची गरज नाही.

तोर्गिन रौझाला सोडायला दाराबाहेर आली.

"आपाय, आठवडाभर मी त्या सहाव्या पिढीतल्या भावांना शिव्या देत होते. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांना. ते सोपं होतं हो."

"पोरी, मला वाटलं..."

"मीच आले होते तुमच्याकडे. तुमची चूक नाही."

रौझाने आयुष्यात खूप दारांवर उभं राहून वाईट बातम्या दिल्या होत्या. पण त्या दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या होत्या. ही तिच्या स्वतःच्या कामाची होती.

आतून झेयनोल्लांची हाक आली, "तोर्गिन, काहीतरी खायला कर गं. आठ दिवसांनी आज भूक लागलीय." तोर्गिनने बाहीने तोंड पुसलं आणि आत गेली.