शनिवारची बादली

अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या त्या जुन्या लाकडी घराच्या तळघरात उतरताना बॉयलर दुरुस्त करणाऱ्या टेडी वॉल्चॅकच्या मनात गळतीखेरीज दुसरे काही नव्हते. वाफेने घर तापवणाऱ्या बॉयलरला बसवलेल्या काचेच्या नळीत पाणी निम्म्यावर असायला हवे. दर शनिवारी ते तळाला गेलेले असे, बर्नर आपोआप बंद पडे आणि इरेना दुदेक स्वयंपाकघरात कोट घालून बसलेल्या सापडत. ऑक्टोबरात त्यांचा नवरा स्टॅन वारला, तेव्हापासून हे चालले होते.

जानेवारीतल्या या शनिवारी त्याने रीतसर तपासणी केली. जमीन कोरडी, सांधे कोरडे, धुराड्यातून पांढरी वाफ नाही. बॉयलर गळ्यापर्यंत भरून तो दोन तास बसून राहिला. एक थेंब ओघळला नाही.

"मुलगा म्हणतो, बॉयलर गेला की घर विक आणि फीनिक्सला ये," जिन्याच्या वरून इरेनाबाई म्हणाल्या. "वाळवंटात नेऊन काय मला वाळत घालणार आहे?"

"बॉयलर तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे, काकू!"

बॉयलरला तारेने एक पुठ्ठा टांगलेला होता. दर शनिवारी खालचा नळ सोडून बादलीभर गाळपाणी काढायचे, तेवढेच ताजे पाणी भरायचे आणि पुठ्ठ्यावरच्या चौकटीत पेन्सिलीने खूण करायची, ही स्टॅनची चाळीस वर्षांची शिस्त. ऑक्टोबरनंतरच्या चौकटींतही खुणा होत्या. आजचीसुद्धा.

"काकू, खाली कोण येतं?"

"माझे गुडघे उतरू देतात होय? आणि दुसरं आहे कोण इथे?"

कोपऱ्यात बादली पालथी घातलेली होती. आतून ओली होती.

टेडीने त्या खालच्या नळाची मूठ काढली आणि काकूंना सांगून आपल्या पिशवीत टाकली.

पुढच्या शनिवारी पाणी बरोबर निम्म्यावर होते. इरेनाबाईंचा चेहरा मात्र उतरला होता.

"सकाळी आठपासून पाइप ठोकतायत. आधी इथे स्वयंपाकघरात, मग जिन्यात, मग माझ्या खोलीत. टेडी, स्टॅन ती मूठ शोधतोय रे. देऊन टाक त्याचं त्याला."

"वाफेच्या वाटेत पाणी साचलं की पाइप ठोकतात, काकू."

पण बाहेर बर्फ वितळत होते, बर्नर बंद होता. पाइपांत वाफच नव्हती.

ठोका बैठकीतल्या रेडिएटरवर, खोली तापवणाऱ्या लोखंडी नळ्यांवर, आला. टेडीची पिशवी त्याच्याशेजारीच होती. ठोका तिथेच थांबला.

टेडी खाली गेला. मूठ बसवून त्याने नळ सोडला. तांबूस पाणी आले, मग हळूहळू नितळ झाले. बादली भरली. काढले तेवढे ताजे पाणी त्याने बॉयलरमध्ये सोडले.

"घर विकायचं नाही, काकू," तो वर ओरडला. "दर शनिवारी मी येत जाईन."

त्याने पेन्सिल घेतली. आजची चौकट भरलेली होती. आधीच्या खुणांसारख्याच तिरप्या, दाबून काढलेल्या रेघांत तिथे टेडीच्याच नावाची आद्याक्षरे होती.

अजून न आलेल्या पुढच्या शनिवारच्या चौकटीतही तीच. त्याच्या पुढच्या चौकटीतही.

बफेलोत बॉयलर मे महिन्यापर्यंत चालू असतात. आधीच भरून ठेवलेली टेडीची आद्याक्षरे मार्चच्या दुसऱ्या शनिवारपर्यंतच होती. त्याखालच्या चौकटी कोऱ्या होत्या.