सपाट शेतातला चढ

वरामीनच्या मैदानाची जमीन दरवर्षी खचते. बोअरवेली पाणी ओढतात, जमीन बसते, कुणाला त्याचं नवल नाही. ते खचणं चित्रात दाखवायचं, हे इंजिनियर मेहरनूशचं काम. मैदानभर ठोकलेल्या चाळीस खुंट्यांच्या उंचीची मापं फाइलमध्ये भरायची, पायथनमध्ये प्रोग्रॅमच्या वीसेक ओळी लिहायच्या, की पडद्यावर हवा तसा फिरवता येणारा त्रिमितीय आलेख उभा राहायचा. ओल्या चादरीला मधोमध झोळ पडावा तसा.

या खेपेला झोळाच्या तळातून एक सुळका वर आला होता.

मापं यदुल्ला आणायचा. तीस वर्षं दुर्बीण आणि मापाची काठी घेऊन रानोमाळ हिंडलेला म्हातारा. मेहरनूशला त्याच्या पिवळ्या मिशांपासून गिचमिड अक्षरापर्यंत सगळ्याचाच तिटकारा.

"यदुल्ला आगा, डोळे तपासून घ्या की हो! जमीन कधी अकरा मीटर वर येते का?"

"बाई, तिथं मी मापच घेतलेलं नाही. तिथं आपली खुंटीच नाही."

तिने फाइल उघडली. चाळीस ओळी, त्यात ती जागा कुठेच नव्हती. प्रोग्रॅम पहिल्यापासून नव्याने लिहिला. सुळका जागचा हलला नाही. तरी यदुल्लाला घरी बसवण्याचं पत्र तिने टाइप करून ठेवलंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं त्या सुळक्याच्या जागी गेली. खरबुजाचं वाळलेलं शेत, तळहातासारखं सपाट. यदुल्लाने जीपशेजारी दुर्बीण लावली.

"मी आत येणार नाही, बाई."

"या वयात बागुलबुवा? धन्य आहे तुमची!" काठी उचलून ती एकटीच निघाली.

पन्नास पावलांत तिला धाप लागली. पोटऱ्या भरून आल्या. जमीन सपाटच होती.

फोन वाजला. "बाई, मागे फिरा. तुम्ही चढताय."

"दुर्बिणीची काच पुसा आधी."

तरी तिने वळून पाहिलं. शेत सपाट होतं.

पण जीपचं छप्पर दिसत होतं. वरून.

ती मागे फिरली. परतताना उतार काही लागला नाही. 

कचेरीत येताच तिने त्याच फाइलवरून आलेख पुन्हा काढला. सुळका नव्हता. झोळ कसा स्वच्छ, गुळगुळीत. तिला हसूच आलं. मूर्ख म्हातारा, आणि त्याच्या नादी लागलेली आपण! तिने पत्रावर सही ठोकली आणि त्याला हाक मारली.

यदुल्ला चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. तिच्या खुर्चीकडे त्याने पाहिलंच नाही. मान मागे टाकून तो छताकडे बघत राहिला. मग वाकून त्याने पेला फरशीवर ठेवला.

"बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "जपून उतरा."