पाठमोरा किल्ट

"सुनेने केलंय. तुम्ही फक्त ते सिद्ध करून द्या," खुर्चीत टेकायच्या आतच दीनानाथ सबनीस म्हणाले.

मीनल टिपणीसने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. श्रीनिवास मुकाट्याने चहाचं पाणी ठेवायला उठला. नोकरी गेल्यापासून तो बायकोच्या जिवावर सिंगापुरात टिकून होता आणि आंग मो किओतल्या तिच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत मदतनीस म्हणवून घेत होता. अशिलाचं बोलणं अर्धं ऐकूनच गुन्हेगार ठरवून टाकायची त्याला खोड होती. दर वेळी तो तोंडावर आपटायचा, पण खोड काही जात नव्हती.

"काय केलंय सुनेने?" मीनलने विचारलं.

"माझा किल्ट समुद्रात फेकला."

श्रीनिवासच्या हातातला चमचा वाजला. सबनीसांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने हसू गिळून टाकलं.

सबनीस तेलविहिरींवरचे इंजिनीअर. ऐन उमेदीतली आठ वर्षं त्यांनी स्कॉटलंडमध्ये काढली होती. बायको आणि मुलगा तेव्हा पुण्याला, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांपाशी. मग सिंगापूरची नोकरी, टॅम्पिनीसचा फ्लॅट आणि आता निवृत्ती. स्कॉटलंडमधून त्यांनी एकच गोष्ट मनापासून आणली होती, ती म्हणजे हा किल्ट, तिथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चौकड्याचा, घागऱ्यासारखा पोशाख.

"पूर्ण आठ वार लोकरी कापड," ते सांगत होते आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळत होता. "पुढून सपाट, सगळ्या प्लीट्स, म्हणजे चुण्या, मागे. बसताना मागून हात फिरवून त्या सारख्या करायच्या असतात. क्रूझवर फॉर्मल नाइट असते ना, सगळे काळ्या सुटांत पेंग्विनसारखे, आणि मी किल्टमध्ये! लोक उठून हात मिळवायला येतात. मी कंपनीला फोन करून विचारलं होतं. सूट, गाऊन किंवा कुठल्याही देशाचा पारंपरिक पोशाख, काहीही चालतं म्हणाले."

"आणि काकू काय घालतात?"

"लीला? गाऊन घेऊन दिला मी तिला. करडा. ती आपली काकूबाई, तिचं ऐकलं असतं तर हसं झालं असतं चारचौघांत."

हकिकत अशी होती. सिंगापूरहून निघालेलं जहाज, शेजारशेजारच्या दोन केबिन, मधे दार. एकीत सबनीस नवराबायको, दुसरीत मुलगा रोहन आणि सून एकता. पहिल्या फॉर्मल नाइटला किल्टचं भरपूर कौतुक झालं. दुसऱ्या फॉर्मल नाइटला सबनीस केस कापून केबिनमध्ये आले, तर कपाटात किल्ट नाही. पट्टा, मोजे, कमरेची चामडी पिशवी, सगळं जागच्या जागी. त्यांनी जहाजावर आकांडतांडव केलं, केबिन साफ करणाऱ्या माणसाला चोर ठरवलं. काही सापडलं नाही.

घरी परतल्यावर मात्र त्यांचे मित्र हेमचंद्र यांनी ग्रुपवर फोटो टाकले. तेही त्या सहलीत होते. सबनीसांनी मोबाइल पुढे केला. वरच्या डेकवरून टिपलेला सूर्यास्त, आणि कोपऱ्यात, खालच्या डेकच्या कठड्याशी, एक पाठमोरी आकृती. अंगात निळं विंडचीटर, डोक्यावर त्याचीच टोपी. कमरेला तो हिरवा-निळा चौकडा, मागच्या बाजूने इस्त्री करून ठेवल्यासारखा सपाट, एका कडेला दशा सुटलेल्या. कमरेची बकलं मोकळीच लोंबत होती. पुढच्या फोटोत आकृतीच्या कमरेला चौकडा नव्हता आणि लाटांवर काहीतरी गडद तरंगत होतं.

"विंडचीटर एकताचं आहे. ती नाकारतही नाही," सबनीस म्हणाले. "मी रोहनला सांगितलंय, या रविवारपर्यंत तिने माझ्या घरातून बाहेर पडायचं. तो म्हणतो, पुरावा द्या. म्हणून तुमच्याकडे आलो."

ते गेल्यावर श्रीनिवास म्हणाला, "यात शोधायचं काय आहे? पोरीचं विंडचीटर, पोरीचं काम."

"तो फोटो तू किती वेळ पाहिलास?"

"पुरेसा."

"सबनीसांनी तर शंभरदा पाहिला असेल," मीनल म्हणाली आणि त्यांनी पाठवून दिलेला फोटो मोठा करून त्या सपाट चौकड्याकडे पाहत बसली.

शनिवारी दुपारी दोघं टॅम्पिनीसला पोहोचली. सबनीस मुद्दाम बाहेर गेले होते. दार रोहनने उघडलं. पस्तिशीचा, आयटीतला, सतत मोबाइलकडे पाहणारा.

"तुम्हाला काय वाटतं? एकताने केलं असेल?" मीनलने विचारलं.

"माहीत नाही हो." त्याने मान खाली घातली. "मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. पण फोटो तर आहे ना."

"तुमचं आणि त्या किल्टचं कसं काय?"

"मला तर घालावाच लागला होता! आमच्या लग्नाला बाबा तयारच नव्हते. शेवटी हो म्हणाले ते रिसेप्शनला मी किल्ट घालायचा या अटीवर. दिवसभर ती बकलं पोटात रुतत होती."

"प्रवासाच्या बॅगा कुणी भरल्या होत्या?"

"आम्ही आमची भरली. आईचं सामान आई काढून ठेवते, पण बॅग भरणं, वजन करणं, कुलूप लावणं, सगळं बाबांचं खातं. किल्ली त्यांच्याच खिशात असते."

एकता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विद्यापीठात संशोधन करणारी, बोलायला शांत मुलगी. कोंडीत सापडलेल्या माणसासारखी ती अजिबात वाटत नव्हती. उलट कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी दिसत होती, आणि श्रीनिवासला तेच संशयास्पद वाटलं.

"विंडचीटर माझंच. खुर्चीवर टाकलेलं होतं, मधलं दार उघडं होतं. कुणीही घेतलं असेल," ती म्हणाली.

"तुम्हाला किल्टचा राग होता?"

"मला? पहिल्या फॉर्मल नाइटला बाबांच्या किल्टची बकलं मी लावली. मागच्या प्लीट्स गुडघ्यावर बसून मीच सारख्या केल्या. म्हटलं, हौस आहे त्यांची." ती दाराला टेकली. "आमचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी माझी जात काढली होती. तेव्हा या घरात एकटं माणूस माझ्या बाजूने उभं राहिलं. आई. ते मी विसरणार नाही."

"मी काकूंबद्दल विचारलंच नव्हतं," मीनल म्हणाली.

एकता स्वयंपाकघरात वळली.

हेमचंद्रांशी फोनवर बोलणं झालं. त्यांचा आवाज आणि हसणं दोन्ही घसघशीत. "अहो, मी तर वरून सूर्य टिपत होतो! खाली कोण आहे ते बघायला माझं पोट आड येतं. दीनाला म्हटलं, जाऊ दे, नवा शिव. तर तो महिनाभर सुतक पाळणार आहे म्हणे."

लीलाबाई आतल्या खोलीत हिरव्या वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साठी ओलांडलेली ठेंगणी बाई. त्यांनी उठून श्रीनिवाससाठी पंखा लावला, मीनलला पाणी दिलं. त्यांचं अगत्य पाहून श्रीनिवासला उगीच ओशाळल्यासारखं झालं. या माउलीला कशाला त्रास, असा चेहरा करून त्याने मीनलकडे पाहिलं. मीनलने दुर्लक्ष केलं.

"किल्ट तुम्ही धुवायचात का काकू?"

"छे. मी त्याला हात लावलेला चालत नसे. आठ वार कापड म्हणे! एवढं कौतुक. माझ्या आईच्या लुगड्याला नऊ वार लागायचे, त्याचं कुणी कधी नाव घेतलं नाही."

कोपऱ्यात त्यांची प्रवासाची बॅग अजून तशीच होती. मीनलने विचारून ती उघडली. तळाशी मलमलच्या फडक्यात एक खणाची चोळी होती, आणि छोट्या डबीत नथ.

"नथ? गाऊनवर?"

"नेली होती. घालायची राहून गेली," लीलाबाई म्हणाल्या आणि डबी तिच्या हातून घेऊन पदराआड धरली.

"जहाजावर गार वाजायचं का हो?"

"फार. एसी कसला तो. हाडं गोठायची नुसती." आणि मग चटकन त्या शेंगांकडे वळल्या.

घरी आल्यावर मीनलने कपाटातून चौकड्याची चादर काढली आणि नवऱ्यापुढे टाकली. "हे किल्टसारखं नेस बघू."

श्रीनिवासने हौसेने चादर कमरेला लावली, चुण्या घातल्या, पोटाशी खोचल्या आणि गिरकी घेतली. "कसा दिसतो?"

"मागून सपाट," मीनल म्हणाली. ती हसली नाही.

रविवारी सकाळी सगळे दिवाणखान्यात जमले. एकताची बॅग दारापाशी भरून ठेवलेली होती. सबनीसांनी ती पाहिली होती आणि त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

"पुरावा आणलाय," मीनल म्हणाली. "तुमचाच फोटो. काका, आकृती पाठमोरी आहे. किल्टच्या प्लीट्स कुठे असतात?"

"मागे. सांगितलं होतं मी तुम्हाला."

"मग दाखवा मला त्या."

सबनीसांनी चष्मा सावरून फोटो जवळ धरला. बराच वेळ ते पाहत राहिले. "सपाट आहे," ते पुटपुटले. "उलटा नेसलाय."

"बकलंही लावलेली नाहीत. वरचा काठ नुसता खोचलाय. तुम्ही विंडचीटर पाहिलंत आणि थांबलात, किल्टकडे पाहिलंच नाहीत. आता विचार करा. केबिन साफ करणारा माणूस किल्ट चोरेल, पण नेसून कठड्याशी उभा राहणार नाही. मग केबिनमध्ये जाऊ शकत होती चारच माणसं. तुम्ही केस कापून घेत होता. रोहनने तो दिवसभर अंगावर वागवलाय, बकलं कुठे रुततात हेही त्याला ठाऊक आहे. एकताने तर गुडघ्यावर बसून त्याच्या प्लीट्स मागे सारख्या केल्यात. हेमचंद्र वरच्या डेकवर फोटो काढत होते. या घरात असं कोण आहे, ज्याचे हात आयुष्यभर एकच नेसणं नेसत आलेत? निऱ्या पुढे, आणि पोटाशी खोचलेल्या?"

एकताखेरीज एकाचीही मान लीलाबाईंकडे वळली नाही. मीनल बोलल्यावरसुद्धा नाही. श्रीनिवासच्या ते लक्षात आलं आणि त्याला एकदम कसंतरी झालं. कारण त्यालाही काल त्या बाईचा संशय आला नव्हता.

"विंडचीटर एकताने त्यांना दिलं होतं. सासूला गार वाजतंय म्हणून. हो ना?"

एकताने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती लीलाबाईंकडेच पाहत होती.

"लीला?" सबनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा नवलच अधिक होतं. "तू? कशासाठी?"

"ते तुम्हीच सांगा," मीनल म्हणाली. "चोरी आधी दुसरीच झाली होती. काकूंनी नथ नेली, खणाची चोळी नेली. चोळी आणि नथ बॅगेत ठेवणारी बाई लुगडं घरी विसरते? तेच तर आधी ठेवलं जातं. बॅग तुम्ही भरली, कुलूप तुम्ही लावलं. त्यांच्या आईचं नऊवारी लुगडं कुठे आहे काका?"

"खाली कपड्यांची दानपेटी आहे," सबनीस म्हणाले. "तिच्यात टाकलं. जुनंच होतं. ती फॉर्मल नाइटला तेच नेसणार म्हणून हटून बसली होती. मला सांगा, कॅप्टनपुढे काय दिसलं असतं ते!"

"कुठल्याही देशाचा पारंपरिक पोशाख चालतो, असं तुम्हीच फोनवर विचारून घेतलं होतंत," मीनल म्हणाली.

"ते वेगळं," सबनीस म्हणाले.

लीलाबाईंनी हात पुसले. "बाई, तुमचं एक चुकलं," त्या मीनलला म्हणाल्या. "हातांच्या सवयीने नाही नेसले मी. यांच्या प्लीट्स मागे असतात हे मला न कळायला काय झालं? इतकी वर्षं बघत आले. मी ठरवून पुढे घेतल्या. म्हटलं, आज फॉर्मल नाइट आहे. एकदा तरी निऱ्या पुढे घेऊन उभं राहावं. अर्धी घटका उभी राहिले. तीन माणसं मागून गेली, एकाने वळून पाहिलं नाही. मग सोडून दिलं पाण्यात."

"आणि आठवडाभर गप्प राहिलीस?" रोहन ओरडला.

"वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "तुमच्यापैकी एकाला तरी वाटेल, हिने केलं असेल. हिलाही राग येत असेल. केबिन साफ करणाऱ्यावर संशय घेतला, सुनेवर घेतला. माझ्यावर संशयसुद्धा कुणाला आला नाही रे."

एकता उठली. दारापाशी जाऊन तिने बॅगेचा दांडा वर ओढला.

"अगं, आता कशाला?" सबनीस गडबडले. "तू केलं नाहीस हे सिद्ध झालं ना!"

"रोहन, तू मला विचारलंस, तूच केलंस का म्हणून," ती नवऱ्याला म्हणाली. "मी नाही म्हटलं. तरी तुला पुरावा लागला." मग ती सासूकडे वळली. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आई. मी बोलले नाही. मीही वाटच बघत होते. तुम्ही बोलाल म्हणून."

एकता वाकून त्यांच्या पाया पडली आणि लिफ्टकडे चालू लागली. रोहन चपला शोधत राहिला. त्या सापडेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती.

मीनल आणि श्रीनिवास जिन्यानेच उतरले. खाली दानपेटीपाशी श्रीनिवासचे पाय थांबले. पेटी नुकतीच रिकामी केलेली होती, झाकणावर पाण्याचे थेंब होते. त्याने तरीही आत वाकून पाहिलं.

तेवढ्यात वरून हाक आली. गॅलरीतून सबनीस वाकले होते.

"मीनलताई! तो दुसरा फोटो जरा मोठा करून पाठवाल का? किल्ट तरंगत होता ना त्यात? एखाद्या बोटीला सापडला असेल, तर कंपनीला कळवतो म्हणतो."

त्यांच्या मागे दारात लीलाबाई उभ्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं होतं.