रोज दोन बोटं

मी त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले तेव्हा त्याच्या मांडीवर कांद्यांची पिशवी होती.

यवतमाळातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तपासणीचं काम करते, त्यामुळे बाजार उरकून येणारे पेशंट मला नवे नाहीत. पण हा माणूस डोळे मिटून, बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघत, त्या पिशवीवरून असा काही हात फिरवत होता की मला हसू आवरेना.

"कांदे पळून नाही जाणार," मी म्हटलं.

"कांदे नाहीत हे, नर्गिसचे कंद आहेत, फुलाचे," तो डोळे न उघडता म्हणाला. "भाजीत टाकले तर मोठ्या दवाखान्यात जा लागते."

त्याचं नाव नयन. डोळ्यांच्या दवाखान्यात ते नाव पुकारताना मी आधीच एकदा हसले होते. घरची शेती दिग्रसकडे, कपाशी आणि तुरीची. हा मात्र दोन वर्षं जम्मूकडे फुलांच्या शेतावर नोकरी करून आला आणि आता लोहाऱ्याला छोटी रोपवाटिका चालवत होता. थंडीत फुलणारा नर्गिस यवतमाळात फुलवायचा, हे त्याचं खूळ. मिटल्या डोळ्यांनीच तो मला सांगत बसला… तिकडे हे फूल दिसलं की थंडी उतरणीला लागली म्हणतात. चीनमध्ये नव्या वर्षाला ते घरात फुललं तर वर्ष बरकतीचं जातं. आणि शायर लोक तर त्याला डोळाच म्हणतात, कोणाची तरी वाट बघणारा. मग आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला काय हरकत आहे?

जाताना त्यानं एक कंद पुढे केला, तोही थेट भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे. थेंबांमुळे त्याला धड दिसत नव्हतं. मी त्याचं मनगट धरून हात माझ्याकडे वळवला… आणि सोडायला जरा उशीरच केला. बशीत खडे, बुडाला टेकेल एवढंच पाणी, पंधरा दिवस अंधारात, असं त्यानं बजावलं. त्याला डोळे पुन्हा दाखवायचे असल्यामुळे मी चिठ्ठीवर माझा नंबर लिहून दिला. कंद मी तपासणीच्या अंधाऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवला.

पंधरा दिवसांनी अनोळखी नंबरवरून मेसेज आला – "डोळे आले का?"

आमच्याकडे डोळे येतात ते लाल होऊन, चिपडं धरून. मी कर्तव्यदक्षपणे लिहिलं, "माझे नाही. तुमचे आलेत का?"

"हो, पाच आले. हिरवे."

हिरवे? आणि पाच? मी लिहिलं, हात लावू नका, टॉवेल वेगळा ठेवा, लगेच या. अर्ध्या तासात नयन धापा टाकत हजर. हातात कुंडी आणि तिच्यात पाच कोंब. त्याच्या आजोळी हळद पिकायची, तिथे कोंबाला डोळा म्हणायचे, म्हणून हाही म्हणायचा. आमची मदतनीस तुळसाबाई हसून हसून खाली बसली. तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि टॉवेल वेगळा काहून ठेवायचा हे विचारायचं तो विसरला. मीही सांगायचं विसरले.

त्या दिवशी मी माझा कंद कपाटातून खिडकीत आणला, आणि त्या दिवसापासून त्याचा रोज फोन. किती वाढला? पान कसं आहे? मला वाटायला लागलं, की… आणि नेमकं तेव्हाच तो सहज बोलून गेला की असे कंद त्यानं चौदा घरी दिलेत, कुठल्या जागेत फुलतो ते बघायला. म्हणजे मी कोण? चौदावी खिडकी? फोन माझ्यासाठी येतो की कांद्यासाठी, हे मला कळेना. फोन ठेवला की रुसायचे आणि वाजला की धावायचे. मला मी तरी कुठे कळत होते!

त्यातच कंद कुजला. रविवारी दवाखाना बंद म्हणून शनिवारी मीच लाडानं बशी काठोकाठ भरली होती. सोमवारी हाताला नुसता लगदा लागला. त्या दुपारी फोन वाजला आणि मला एकच भीती वाटली. कांदा गेला म्हणजे उद्यापासून फोन बंद.

"दोन बोटं वाढला," मी म्हणाले.

मग रोज दोन बोटं वाढवत राहिले. बघायला येऊ का म्हणाला, की इथे फार गर्दी आहे म्हणायचे. आवाज टिकवण्यापायी माणूसच लांब ठेवला, असा माझा शहाणपणा.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी तो न सांगताच आला. अंगाला नर्गिसचा गोड, जरासा जड वास. माझं सोडून बाकी तेरापैकी नऊ घरी फुललं होतं. "आता तुमचं दाखवा," म्हणत त्यानं वही उघडली. मी कपाटातून रिकामी बशी काढली आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या खोट्या आकड्यांनी त्याची चाचणी बिघडली, हे म्हणताना डोळे भरून आले.

मग वहीतलं माझं पान त्यानं माझ्याकडे वळवलं. सगळी बोटं तारखेवार लिहिलेली, आणि त्यांवर आधीच मारलेली एक आडवी रेघ.

"तुमच्या हिशोबानं तो आता तुमच्या खांद्याले लागते," तो म्हणाला. "नर्गिस हातभर झाला की थांबते. आणि तुमचा तर रविवारीही वाढून राह्यला होता, दवाखान्याले कुलूप असताना."

"माहीत होतं तर… रोज काहून विचारत होता?"

तो वही उगाच मिटत-उघडत राहिला. "बाकीच्या तेरा घरी मी आठवड्यातून एकदाच फोन करतो."

तुळसाबाई नसलेलं काम आठवून बाहेर गेली.

"पण आता कांदाच नाही राह्यला," तो खाली बघत म्हणाला. "उद्या फोन केला तर काय विचारू?"

"जेवलीस का, असं विचार," मी म्हटलं, आणि त्याला 'तू' म्हणाले हे मला नंतर कळलं.

त्यानं उद्यापर्यंत थांबायचं काही कारण नव्हतं. तिथंच, कान लाल करून, त्यानं विचारलं – "जेवलीस का?"

मी डबा खाल्लेला होता. तरी नाही म्हटलं.