मागून धरलेला हात

आमच्या घरात हा विषय निघाला की मामी ताडकन उठून आत जाते. तिच्यासमोर हे सांगायची सोय नाही, म्हणून इथे सांगते. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. मामाने सांगितलं तसंच.

हिवाळ्यातली संध्याकाळ. बाजारातला मोठा चौक. दिवे नुकतेच लागलेले, दुकानं उघडी, माणसांची ही गर्दी...

भुताखेतांची ना वेळ होती, ना जागा.

पण आधी कुत्रीचं सांगायला हवं.

मामा न्हावी. चौकाला लागूनच त्याचं सलून. दोन खुर्च्या आणि एक लांबलचक आरसा. वस्तऱ्याची दाढी करून घ्यावी तर मामाकडूनच, अशी त्याची ख्याती. त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, ऑपरेटरकाका. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, जन्मापासून आंधळे. सकाळी दुकान उघडलं की सोबतीला वाट दाखवायला शिकवलेली कुत्री घेऊन यायचे.

काका झोपेतच गेले. जवळचं कुणी नाही. एक भाची आली, घराला कुलूप लावलं आणि कुत्रीला कुठेतरी सोडून यायची भाषा करायला लागली. मामाचा जीव तुटला. तो तिला घरी घेऊन आला.

"ही कुठली ब्याद आणलीत?" मामी म्हणाली. आणि मग स्वतःच तिच्यापुढे दुधाचं भांडं ठेवलं.

अडचण एकच. साध्या पट्ट्याने कुत्री जागची हलायची नाही. पाठीवर काकांचा तो कडक मुठीचा पट्टा चढवायचा, मूठ हातात धरायची, तेव्हाच बाईसाहेब चालायच्या. मामा तिला बाईसाहेबच म्हणायचा. आंधळ्या माणसाला न्यायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

मग काय! मामाची पंचाईत सुरू.

पहिल्याच दिवशी कॉलेजातल्या एका मुलीने त्याचा दंड धरला आणि "काका, घाबरू नका हं" म्हणत त्याला फरफटत रस्त्यापलीकडे नेलं. मामाला पलीकडे जायचंच नव्हतं. ती गेल्यावर तो परत यायला निघाला, नेमकं तेव्हाच तिने वळून पाहिलं. मामा घड्याळ बघत होता. तिची ती नजर! धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

एकदा कुत्री झुडपामागे रेंगाळली. "उरका आता बाईसाहेब, लोक बघतायत!" मामा खेकसला. झुडपापलीकडे बाकावर एक बाई डबा खात होत्या. त्या डबा अर्धवट टाकून उठल्या आणि पुढे बराच वेळ मामाला ऐकवत राहिल्या.

कहर झाला तो बागेत. एका रिटायर हेडमास्तरांनी मामाला हाताला धरून बाकावर बसवलं आणि मावळतीचं वर्णन करायला लागले. "आता तांबडं झालंय बरं का... आता जांभळं." इतकं मन लावून सांगत होते, की मधे तोंड उघडायचा मामाला धीरच होईना. तो नुसता माना डोलवत राहिला.

पुढच्याच आठवड्यात हे हेडमास्तर दाढीला आले. पहिल्यांदाच. पेपर वाचत खुर्चीत बसले, फेस लावताना डोळे मिटून रेलले. मामाने वस्तरा उघडला. मास्तरांनी सहज डोळे उघडले. आरशात आधी दारातली कुत्री दिसली... मग मामा.

"अगं आई गं!"

तोंडावर फेस तसाच, गळ्यात कापड तसंच, मास्तर भर चौकातून पळत सुटले.

हसलात ना? आम्हीही हसलो होतो.

पण चौकभर झालं. न्हाव्याची नजर गेली म्हणे! आता ज्याला दिसत नाही त्याच्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार? खुर्च्या ओस पडल्या. मामा दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचून दाखवायचा. लोक म्हणायचे, "पाठ असतील."

"कुत्री तरी ठेवा, नाहीतर दुकान तरी," मामीने निक्षून सांगितलं. "दोन्ही नाही जमायचं. खायचं काय उद्या?"

त्या संध्याकाळी मामा याच विचारात चौकात उभा होता. डाव्या हातात पट्ट्याची मूठ. सिग्नल पडायची वाट बघत.

आणि...

उजव्या कोपराला कुणीतरी धरलं.

मामाचं डोकंच फिरलं. "अहो, दिसतंय मला! चांगला धडधाकट आहे. सोडा हात!"

हात सुटला नाही.

शेजारचा एक जण चमकून म्हणाला, "कुणाला बोलताय काका?"

मामाने वळून पाहिलं.

मागे... कुणीच नव्हतं.

कोपरावरचा दाब मात्र तसाच. बाहीचं कापड तिथे चिमटीत धरल्यासारखं आत गेलेलं.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. मदत करणारा माणूस दंड धरतो, पुढे होतो, ओढतो. इतके दिवस तो तेच सोसत होता. हा हात ओढत नव्हता. मागून धरलेला होता, अगदी हलका. असं धरतो तो, ज्याला स्वतःलाच कुणीतरी न्यायला हवं असतं.

ऑपरेटरकाका दारापासून खुर्चीपर्यंत असेच यायचे. याच कोपराला धरून.

कुत्रीने मान वर केली. मामाकडे नाही... त्याच्या मागे पाहिलं. काका गेल्यापासून पहिल्यांदा तिची शेपटी हलत होती.

सिग्नल पडला. ती निघाली. वाटेत खांब आला तेव्हा तिने एवढा मोठा वळसा घेतला, की दोन माणसं आरामात जावीत.

दुकानाच्या पायरीशी हात सुटला. मामाने घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

इकडे मामी स्वस्थ बसणारी नव्हती. तिने हेडमास्तरांचं घर गाठलं, त्यांच्या हातापाया पडली. "एकदा फक्त खुर्चीत बसा. तुम्ही बसलात तर लोक येतील. नाहीतर दुकान बुडालंच म्हणून समजा." मास्तर मनाचे भले. धाकधूक होती, तरी आले. सकाळीच आले. दारात बघ्यांची गर्दी जमली, मामी सगळ्यांच्या पुढे. कुत्रीला मुद्दाम घरी ठेवलं होतं.

मामाने एक गाल केला. एकही ओरखडा नाही. दारातून कुणीतरी "वा!" म्हणालं. मामीने पदराने डोळे पुसले.

मामा दुसऱ्या गालाकडे वळला. आणि...

वस्तऱ्याच्या हाताचं कोपर कुणीतरी धरलं.

मामाने श्वास रोखून वस्तरा मास्तरांच्या गळ्यापासून दूर नेला. फळीवर ठेवला. दोन्ही हात छातीशी घेऊन मागे सरकला. कोपरावरचा हात सुटला.

मास्तरांचे डोळे मिटलेले. ते पुटपुटले, "हात किती गार हो तुमचे..."

मामा त्यांच्यापासून लांब उभा होता.

"अहो, नाकडोळे काय चाचपडताय?"

मास्तरांच्या गालावरच्या फेसात... बोटं उमटत होती. एकेक करून. गालावरून नाकाकडे. नाकावरून पापण्यांवर. खुर्चीत कोण बसलंय, हे कुणीतरी सावकाश तपासून बघत होतं.

ती काकांची खुर्ची होती. आणि वेळही त्यांचीच.

मास्तर किंचाळत उठले. "हा खरंच आंधळा आहे हो! तोंड चाचपडत दाढी करतोय!"

बघ्यांना दारातून नुसती मामाची पाठ दिसत होती. मामी कळवळून म्हणाली, "अहो, गप्प काय उभे? दिसतंय म्हणून सांगा ना त्यांना!"

मामाने मास्तरांच्या तोंडावरच्या त्या खुणा पाहिल्या. मग मामीकडे पाहिलं. काय सांगणार होता तो? की हात माझे नव्हते?

"मास्तर बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "मला दिसत नाही."

मामी होती तिथेच मटकन खाली बसली.

दुकान बंद झालं. मामी आता लोकांचे कपडे शिवते. मामाने नंतर तिला खरं काय ते सांगितलं, पण तिचा विश्वास नाही. तिला वाटतं, त्याने कुत्री निवडली आणि संसारावर पाणी सोडलं. ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते. मामाला त्याचं फार लागतं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी मामासोबत फिरायला निघाले. चौकात एका माणसाने न विचारताच मामाचा दंड धरून त्याला पलीकडे नेलं. मामाने मुकाट्याने नेऊ दिलं. मला राहवलं नाही.

"मामा, किती दिवस हे सोंग करणार? खरं सांगून टाक ना एकदाचं."

"आंधळा म्हणतात तोवर लोक मला रस्ता ओलांडून देतात," मामा म्हणाला. "खरं सांगितलं तर मला बघून स्वतःच रस्ता ओलांडतील."

आम्ही चालत राहिलो. कुत्री त्याच्या डावीकडे होती. उजवं कोपर त्याने अंगापासून जरा दूर धरलं होतं. उजवी बाजू मोकळी होती, रस्ताही चांगला रुंद होता...

तरी मी मागूनच चालले.