हळदीनंतरचे काळे फोटो

"मॅडम, फोटो अर्धे काळे आले. लग्नाचे. समदे."

गुंजनचा फोन आला तेव्हा इला देवतळे सिंदी मेघेतल्या आपल्या बैठकीत एका सद्गृहस्थांना कॅमेरा निवडायला मदत करत होती. म्हणजे डोकं आपटून घेत होती. गृहस्थांचं बजेट बेताचं आणि बोट मात्र मोबाइलवर दिसणाऱ्या सगळ्यात महागड्या बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर. लेन्स? "सोबत येते ती चालेल." फ्लॅश? "तो कशाला, उजेड असतोच की." वर्तमानपत्रात फोटो काढण्यात हयात घालवून इला आता रविवारी शिकवणी घ्यायची, आणि या एका प्रकाराचा तिला मनस्वी उबग आला होता. माणसं कॅमेरा फोटो काढायला घेतच नाहीत, गळ्यात घालायला घेतात. तिनं गृहस्थांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

तिचं ऐकणारी एकच विद्यार्थिनी निघाली होती, ती ही गुंजन. सेलूची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. तिनं जुनी, साधी बॉडी घेतली आणि उरलेले सगळे पैसे एका चांगल्या लेन्सवर आणि दणकट फ्लॅशवर घातले. तेवढ्या सामानावर तिनं बारशी आणि साखरपुडे केले होते. आर्वीच्या दौलतरावांच्या मुलीचं लग्न हे तिचं पहिलं मोठं काम.

दुपारी ती आली ती आईला घेऊनच. पोरीचे डोळे सुजलेले. गोपिकाबाईंनी कॅमेऱ्याची बॅग मेलेला उंदीर धरावा तशी अंगापासून लांब धरली होती.

"हे विकून टाका मॅडम," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "दौलतरावानं भर मांडवात म्हटलं, भंगार घेऊन आली म्हणे पोट्टी. सकाळी सेलूच्या महादेवरावाचा फोन. पुढच्या आठवड्यात त्याईच्या घरचं लग्न, तेही नको म्हणून राह्यले. हा सीझन गेला तर हिचे बाबा पुन्हा हिले घराबाहेर पाठवत नाई."

'भंगार' हा शब्द इलालाही झोंबला. ती बॉडी तिनंच पसंत केली होती.

"फ्लॅश लावून शटरचा वेग वाढवला होतास का?" तिनं विचारलं. नवशिके हमखास ही चूक करतात आणि अर्धा फोटो काळा येतो.

"नाई मॅडम. अन् अंगणात बिनाफ्लॅशचे काढले, तेही तसेच."

इलानं बॉडीत स्वतःचं कार्ड घातलं, कॅमेरा खिडकीकडं धरला आणि बटण दाबलं. वरचा अर्धा फोटो काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. उजेड आत सोडणारं शटर मरायला टेकलेलं होतं, यात काही शंका नव्हती.

"कधीपासून?"

"सकाळी हळदीले चांगले आले. दुपारी लग्न लागलं, तवापासून असे."

"ते कार्ड कुठं आहे?"

"दौलतरावानं ठेवून घेतलं. देत नाई म्हणे."

"मधल्या वेळात कॅमेरा कुठं होता?"

"आतल्या खोलीत. बॅटरी चार्जिंगले लावली, बॅग तिथंच ठेवली अन् पंगतीत बसली मी. सुमीतदादाची बॅगही तिथंच होती."

सुमीत हा इलाचाच जुना विद्यार्थी. एकटीनं लग्न झेपणार नाही म्हणून गुंजननंच त्याला जोडीला बोलावलं होतं.

"खोलीत कोण येत-जात होतं?"

"कोण नाई, मॅडम? लग्नघरच ते."

"जेवणानंतर कॅमेरा हातात घेतला तेव्हा काही वेगळं वाटलं?"

गुंजन विचारात पडली. "बटन जरासं कडक लागलं. मले वाटलं, हातच गारठले."

इलानं फ्लॅश सरकवून काढला आणि उलटा केला. त्याच्या पायाच्या कडेला लालसर पिवळा, वाळून घट्ट बसलेला थर होता.

"हे काय?"

गुंजन संकोचली. "आईनं दसऱ्याले..."

"मंग?" गोपिकाबाई उसळल्या. "विळा, पावडं, फवारणीचा पंप, समदे पाटावर मांडले. याच्यावर पोट्टीचं पोट, तर याची पूजा काऊन नाई करा? चांगलं बोट भरून ओलं हळद-कुंकू लावलं त्याच्या डोक्यावर."

"नेमकं फ्लॅश बसवायच्या खाचेत गेलं, मॅडम. किती कोरलं तरी पत्र्याच्या खालचं निघतच नाई. दर वेळी फ्लॅशले लागते."

इलानं कॅमेऱ्याच्या डोक्यावरची खाच बघितली. मग काडीला कापूस गुंडाळून आतून फिरवला. कापूस पांढराच राहिला.

"कॅमेरा माझ्याकडं राहू दे," ती म्हणाली. "आणि विकायची भाषा उद्यापर्यंत नको."

---

वर्ध्यात हरिभाऊंचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. गुंजनची बॉडी तिथूनच आली होती. दुकानाच्या पायरीवर खर्र्याच्या पिचकाऱ्या, आत काचेच्या कपाटात बुरशी धरलेल्या लेन्स, आणि त्या सगळ्यावर हरिभाऊंचं गोड हसू. इलानं नाकाला रुमाल लावला आणि तो काढलाच नाही.

"मेलेलं शटर गळ्यात मारलंत त्या पोरीच्या?"

"आईची आन मॅडम! तिची बॉडी मी स्वतः पाह्यली. तुमची विद्यार्थिनी, तुमच्याशी कशाले दगा करू?"

"मग हे काय?" तिनं फोटो दाखवला.

हरिभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "हा आजार तर मले ओळखीचा वाटते. असाच एक पीस होता माह्याजवळ, हेच मॉडेल. शटर आज जाते का उद्या. पण तो मी सांगूनसवरून विकला, दिवाळीनंतर."

"कोणाला?"

"नाव नाई सांगत. धंद्यात भरोसा लागते."

"भरोसा!"

"हसा तुम्ही. पण मी त्याले म्हटलं, बापा, हा टिकत नाई. तो म्हणे, वरून चमकवून दे, बस. अन् नवीन कॅमेऱ्याची रिकामी पेटी असेल तर तीही दे. म्यां देऊन टाकली."

"रिकामी पेटी कशाला लागते कोणाला, हे विचारलं नाहीत?"

"गिऱ्हाइकाले कोण विचारते, मॅडम?"

इला पायरी उतरली. घरी जाऊन आधी हात धुवावेत, असं तिला फार वाटलं.

घराच्या फाटकाशी सुमीत उभा होता. इस्त्रीचा शर्ट, छातीवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला हातभर लांब पांढरी लेन्स. ती पाहिली की लग्नातले लोक आपोआप वाट सोडतात.

"गुंजनचं कळलं ना, मॅडम? मला तर झोपच नाही. बिचारी." तो हळहळला. "नशीब मी होतो. दौलतरावांना माझे फोटो दिले, लग्न तरी वाचलं. धाकट्या मुलीचं कामही ते मलाच देतो म्हणाले. मला तर लाजच वाटली."

"घेतलंस?"

"नाही कसं म्हणू? मोठी माणसं ती."

"तुझा कॅमेराही याच मॉडेलचा ना?"

"मॉडेल तेच, पण माझा नवीन आहे! दिवाळीनंतर घेतला, शोरूममधून, पेटीबंद. प्लास्टिक माझ्या हातानं काढलं. तिलाही सांगत होतो, जुन्याच्या नादी लागू नको. पण तुम्ही तिला..." तो थांबला. "म्हणजे, तुमचा दोष नाही, मॅडम."

त्याच्या आवाजातली ती साखर इलाच्या घशाशी आली. तिनं विचारलं, "उद्या आर्वीला येशील? दौलतरावांची समजूत घालू म्हणते. तुझा शब्द तिथं चालतो."

सुमीतचा चेहरा खुलला. "तुम्ही म्हणाल तसं!"

---

दौलतरावांच्या बैठकीत मोठ्या टीव्हीवर सुमीतचे फोटो चालू होते. दौलतराव सोफ्यावर पाय दुमडून सुपारी कातरत होते. गुंजन आणि गोपिकाबाई दाराजवळच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसल्या होत्या. त्यांना पाणीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं.

"समजूत कशाची?" दौलतराव म्हणाले. "माह्या पोरीचं लग्न पुन्हा लागते काय? या पोट्टीनं भंगार आणलं. बोलणं खतम."

"फोटो छान आहेत," इला टीव्हीकडं बघत म्हणाली. "हळदीचे कुठं आहेत?"

"ते या पोट्टीच्या कार्डात आहेत. तेवढे बरे आले."

"सुमीतनं हळदीत फोटो काढले नाहीत?"

"काढले ना! आम्हा भावा-भावांले लायनीत उभं करून काढले. पण म्हणे त्याचं कार्ड खराब झालं."

"हो, कार्डच गेलं," सुमीत घाईनं म्हणाला.

"सुमीत, जरा तुझा फ्लॅश काढतोस?"

"फ्लॅश? कशाला?"

"काढ तर."

तो काढेना. दौलतरावांची सुपारी थांबली. मग इलानं स्वतःच हात पुढं करून फ्लॅश सरकवला, काडीला कापूस गुंडाळला आणि कॅमेऱ्याच्या खाचेत, पत्र्याच्या खालून फिरवला. कापूस सगळ्यांना दिसेल असा धरला. तो लालपिवळा झाला होता.

गोपिकाबाई उठून उभ्या राहिल्या. "हे तर माह्या हातचं!"

"कुंकू काय तुमच्याच एका घरी असतं?" सुमीत हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "दसऱ्याला सगळेच पूजा करतात. माझ्याही आईनं केली."

"याच कॅमेऱ्याची?"

"हो."

"दसऱ्याला हा कॅमेरा शोरूममध्ये पेटीत होता. दिवाळीनंतर तू स्वतःच्या हातानं प्लास्टिक काढलंस. कालच माझ्या फाटकात सांगितलंस."

सुमीतनं ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणजे... खरं सांगायचं तर जुना घेतला होता, मॅडम. आधीच्या मालकानं केली असेल पूजा."

"जुना?" दौलतराव कडाडले. "मले तर नवा कॅमेरा म्हणून जास्तीचा भाव लावला तुनं!"

"जुना घेतला, हे मात्र खरं आहे," इला म्हणाली. "हरिभाऊंकडचा, शटर मरायला टेकलेला. सोबत रिकामी पेटीही मागून घेतली. सगळे पैसे या पांढऱ्या लेन्समध्ये गेले होते, बॉडीला उरलेच नाहीत. परवा हळदीत ते शटर गेलं. तुझे फोटो अर्धे काळे यायला लागले. कार्डाला काही झालेलं नव्हतं. सगळे पंगतीत बसले आणि शेजारी गुंजनची बॅग होती, त्याच मॉडेलची, ठणठणीत. तू तिची लेन्स, फ्लॅश, कार्ड काढलंस आणि आपल्या मेलेल्या बॉडीवर चढवलंस. तिची बॉडी स्वतः घेतलीस. चोरी झाली आणि कुणाचं काही हरवलंच नाही. फक्त फ्लॅशच्या पायाला कुंकू होतं, आणि तो ज्या खाचेत बसत होता तिथं कुंकवाचा मागमूस नव्हता. तिथंच मला कळलं, की हा कॅमेरा गोपिकाबाईंच्या पाटावर कधी बसलेलाच नाही."

"हे सगळे अंदाज आहेत," सुमीत पुटपुटला.

"दौलतराव, ते कार्ड आणा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये काढणाऱ्या कॅमेऱ्याचा नंबर असतो."

कार्ड आलं. इलानं लॅपटॉप उघडला. हळदीच्या फोटोंवर एक नंबर होता. त्याच कार्डावर, लग्नाच्या काळ्या फोटोंवर दुसरा. सुमीतच्या छातीवरच्या कॅमेऱ्यानं बैठकीतच एक फोटो काढून पाहिला, तर त्यावर हळदीवाला नंबर आला.

सुमीत खाली बसला. त्याला लाज वाटली असती तरी इलाला कदाचित दया आली असती. पण तो म्हणाला, "बॉडीचं कोणाला काय कळतं, मॅडम? लेन्स मोठी दिसली की लोक मान देतात. माझं नाव गेलं असतं ना! हिचं काय, भाजीवाल्याच्या घरची. चार दिवस रडली असती आणि बसली असती वांगी तोडत."

इलाला खरोखर शिसारी आली. याला तिनं आपल्या हातानं शिकवलं होतं, उजेड कसा बघायचा ते. तिनं त्याच्या गळ्यातून कॅमेरा काढला, लांब लेन्स उतरवून त्याच्या मांडीवर टाकली आणि बॉडी गुंजनच्या हातात दिली. मरू घातलेली बॉडी तिनं लेन्सच्या शेजारी ठेवली.

"जाऊ द्या आता," दौलतराव परत सुपारीकडं वळत म्हणाले. "पोट्टा ओळखीतला आहे. पोलीस-बिलिस कशाले? झालं गेलं. गुंजन, धाकटीचं लग्न तू कर. पण मागच्या वेळचं पाहून भावात थोडं कमी करजो."

कुठल्या तोंडानं, असं इला विचारणार होती. त्याआधी गुंजन उठली.

"पोलिसात मी जाईनच, काका. धाकटीचं मंग पाहू. पहिले महादेवरावाले फोन लावा. मांडवात सगळ्याईसमोर मले भंगारवाली म्हटलं, आता सगळ्याईसमोर खरं सांगा. स्पीकरवर."

बोलून झाल्यावरही पोरगी खाली बसली नाही. दौलतरावांनी एकदा इलाकडं बघितलं, एकदा टीव्हीकडं, आणि कडू औषध प्यावं तसा फोन लावला.

"महादेवराव, ते... पोट्टीचा कॅमेरा चांगला होता. दुसऱ्यानं बदलवला. तिची काही गलती नाई."

पलीकडून महादेवराव म्हणाले, "असं काय? वाईट झालं बा. पण आता उशीर झाला. मी कालच सुमीतले बयाणा देऊन बसलो. चांगला पोट्टा आहे, मोठ्या लेन्सवाला. आता त्यालेच येऊ देतो."

खाली मान घातलेल्या सुमीतनं मान वर केली, आणि इलाला त्याच्या डोळ्यांत चक्क आशा दिसली.

गुंजन फोनजवळ वाकली.

"काका, मी गुंजन बोलून राह्यली. लेन्स आहे त्याच्याजवळ. कॅमेरा नाई."